दाजींनी लावलेला डबा

चष्म्याचं दुकान ताईंचं. त्यांचे यजमान, म्हणजे दाजी, निवृत्त झाले आणि तिथे मदत करू लागले. मदत हा त्यांचा शब्द. मागच्या आठवड्यात त्यांनी सगळ्या फ्रेमा रंगाप्रमाणे लावल्या, बायकांच्या-पुरुषांच्या एकत्र. एक मिशीवाले गृहस्थ आरशात बराच वेळ पाहत राहिले आणि जांभळी घेऊन गेले. त्यावर ताईंनी निकाल दिला, "आणखी एक घोळ घाला, की तुम्ही घरी. टीव्ही आहे, कुंड्या आहेत."

आज दुकान उघडलं, तर काउंटरवरच्या दोन्ही कॉम्प्युटरना सर्व्हर सापडेना. तो काचा घासायच्या खोलीत, हाकेच्या अंतरावर. यच्चयावत गिऱ्हाइकांचे नंबर त्याच्या पोटात. ताईंनी कॉम्प्युटर बंद करून चालू केले. मग त्यांच्याकडे नुसतं रोखून पाहिलं. नवऱ्यावर चालतो तो उपाय इथे चालला नाही, तेव्हा त्यांनी धाकट्या भावाला बोलावलं. दुकानांतली असली जोडणी सांभाळणं हाच त्याचा धंदा.

"सर्व्हर ठणठणीत आहे, ताई. वायरीही शाबूत. पण इथून हाक मारली तर ओ देत नाही."

"यांनी काही केलंय का ते आधी विचार."

दाजी मघापासून एकच फ्रेम पुसत होते.

भावाने काउंटरवरच्या कॉम्प्युटरचा पत्ता काढून पाहिला. "हे पत्ते दुकानाच्या राउटरने वाटायचे असतात. या दोघांना सकाळी भलत्याच कुणीतरी दुसऱ्या वस्तीतला पत्ता दिलाय. सर्व्हर आपल्या जुन्याच जागी. आता ओळख लागणार कशी?"

वायरीचा माग काढत तो आतल्या खोलीतल्या कपाटामागे पोचला. तिथे घरचा जुना वायफायचा डबा होता. दिवे दिसू नयेत म्हणून वर चष्मे पुसायचं फडकं.

"दाजी?"

"हळू बोल. घरी बसवेल मला," दाजी पुटपुटले. "अरे, दुपारी लेकीचा व्हिडिओ कॉल येतो. या खोलीत वायफाय पोचत नाही, म्हणून ही भर उन्हात रस्त्यावर उभी राहून डोळे बारीक करून नातीला बघते. चष्म्याच्या दुकानाच्या मालकिणीला शोभतं का ते?"

ताई दारातच उभ्या होत्या. कपाळावर सरकवलेला चष्मा त्यांनी नाकावर घेतला, डब्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"काढून टाकू?" भावाने विचारलं.

"दुसरं काही करता येतं का?" ताई म्हणाल्या.

"येतं. याचं पत्ते वाटणं बंद करतो. नुसतं वायफाय देईल, बाकी कशात नाक खुपसणार नाही."

ताईंनी नवऱ्याकडे बोट दाखवलं. "यांच्यात असं काही बंद करता येईल?"

"मॉडेल जुनं आहे, ताई. आहे तसंच वापरावं लागेल."

कॉम्प्युटर पुन्हा चालू झाले. सर्व्हरने ओ दिली. दुपारी त्याच खोलीत फोनवर नात दिसली, पडलेल्या दातासकट. दाजी संकोचाने दारातच थांबले.

"तिथे काय उभे? या इकडे," ताई खुर्ची सरकवत म्हणाल्या. "आणि उद्या येताना दोन फडकी जास्त आणा. एक त्या डब्याने अडवलंय."