अंगठ्याने झिजलेला खटका

"सगळी केबिन लख्ख होते, हा एवढासा खटका तेवढा काळाच्या काळा! बोटं पुसून दाबला तर काय बिघडेल ह्या माणसाचं?"

ओला फडका माझ्यावर घासत ड्रायव्हरची बायको पुटपुटत होती. मित्रांनो, तो काळा खटका म्हणजे मी. एका जुन्या अवजड ट्रकच्या इंजिन ब्रेकचा. मला दाबलं की इंजिनच घरघरत गाडीला मागे धरून ठेवतं, आणि लांबलचक उतारावर चाकांचे ब्रेक तापत नाहीत.

कारखान्यातून मी ह्या ट्रकमध्ये आलो तेव्हा ड्रायव्हर तरुण होता. डिझेल वाचवायला उतारावर गाडी खुशाल न्यूट्रल करायचा. मी धूळ खात बसायचो. एकदा चाकांतून धूर निघाला. शेजारी त्याचे उस्ताद बसले होते. त्यांनी गाडी थांबवायला लावली.

"अरे शहाण्या, उतार लागायच्या आधीच खालचा गियर टाक. मग हा खटका दाब. रस्ता ओला आणि गाडी रिकामी असेल तर मात्र ह्याला हात लावू नकोस, मागची चाकं घसरतील. आणि थांबायला पायच लागतो, समजलं?"

त्याला समजलं. पुढे कित्येक वर्षं आमची जोडी घाट उतरली. लोक त्याचं कौतुक करायचे, त्यातलं थोडं मला मिळायचं.

गेल्या वर्षापासून मात्र माझे लाड फारच वाढले, आणि मला भीती वाटू लागली. सपाट रस्त्यावर मीच. फाटकाशी वळतानाही मीच. ब्रेकवर त्याचा उजवा पाय उशिरा यायचा, आणि आला की पोतं टाकल्यासारखा पडायचा.

गाडीची दुरुस्ती त्याचा मेव्हणाच, म्हणजे बायकोचा थोरला भाऊ, करतो. एकदा चाक उघडून तो हसला. "भावोजी, ब्रेकचे लायनर अजून कोरे करकरीत, घासलेच नाहीत! ब्रेकला पाय लावता की लांबूनच नमस्कार करता?"

ड्रायव्हरही हसला. बायको हसली नाही. सकाळीच तो एका पायात चप्पल घालून गाडीपर्यंत आला होता. दुसरी घराच्या पायरीवरच सुटली होती आणि त्याला पत्ता नव्हता. तिने मुकाट्याने ती आणून त्याच्या पायाशी ठेवली. मेव्हण्याने ते पाहिलं, आणि ऑइल कधी बदललं ते विचारलं. महिन्यावर लायसन्सची डॉक्टरी तपासणी होती. घर ह्याच स्टीअरिंगवर चाललं होतं.

मित्रांनो, मला स्वच्छ ठेवायला फडका पुरतो. माणसाची निगा राखायची तर त्याला विचारावं लागतं. ते कुणी करत नव्हतं, आणि मला तोंड नव्हतं.

परवा आम्ही माल उतरवून परत निघालो. बायको सोबत होती. गाडी रिकामी, रस्ता पावसाने चकाकत होता. उतार लागला. त्याचा अंगठा माझ्याकडे आला. नको, नको, मी मनात म्हणत राहिलो. त्याने मला दाबलं.

इंजिन घरघरलं. मागची चाकं घसरली आणि ट्रकचं शेपूट दरीकडे सरकू लागलं.

"अहो, बंद करा तो!" ती ओरडली आणि तिनेच हात लांबवून मला बंद केलं.

गाडी सरळ झाली, पण पळू लागली. त्याचा पाय ब्रेक शोधत होता. सापडेना. पुढे वळण होतं, आणि तो रस्त्याकडे बघायचं सोडून खाली वाकून बघत होता. स्वतःचा पाय कुठे आहे ते.

डोळ्यांनी बघून त्याने तो उचलला, ब्रेकवर ठेवला आणि दाबला. डोंगराकडच्या गटारात एक चाक घालून ट्रक थांबला.

वायपर फिरत राहिले. तो म्हणाला, "रस्ता फार निसरडा झालाय."

"रस्त्याला बोल लावू नका," ती म्हणाली. "तुमच्या उजव्या पायाला काही कळत नाही. वर्ष झालं. मला माहीत आहे, दादाला माहीत आहे, आणि तुम्हालाही माहीत आहे."