पायलीवरची मूठ

दिंद्रुडच्या बायनाबाईंनी वस्तू देण्याआधी कागद मागितला, तेव्हा शेजारीपाजारी तोंडाला पदर लावून हसले. उद्या वाटीभर साखर उसनी दिली तरी ही बॉण्ड करून घेईल, असं म्हणाले.

म्हणू देत. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. पंधरा वर्षांमागं कुठल्याशा कार्यक्रमात मांडायला म्हणून बायनाबाईंच्या सासऱ्यांची तागडी नेली होती. परत आली ती नुसती दांडी. पारडी कुठं गेली, ते आजतागायत कुणी सांगितलं नाही, आणि विचारायला हातात चिटोरंही नव्हतं.

सासरे म्हणजे आप्पा, दिंद्रुडच्या बाजारातले मापाडी. अख्ख्या पंचक्रोशीची ज्वारी त्यांच्या हातून मोजली गेलेली. त्यांची सरकारी शिक्क्याची सात पितळी मापं बायनाबाईंकडे होती. मरताना आप्पांनी ती पोटच्या पोराला न देता सुनेच्या ओटीत घातली होती. आता गेवराईच्या एका कॉलेजात जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरणार होतं आणि इतिहास शिकवणारे अबरार सर महिनाभरासाठी ती मापं मागायला आले होते.

सरांना कागदाचा राग आला नाही. "बराबर हाय मावशी. कागद तुमच्यासाठी बी हाय न् माझ्यासाठी बी," म्हणत ते बाजेवर बसले. परत कधी देणार, कपाटाची किल्ली कुणाकडे, मोडतोड झाली तर भरून कोण देणार, सगळं बायनाबाईंनी लिहून घेतलं. फोटोचं विचारलं तर सर म्हणाले, "मांडल्यावर झ्याक काढू."

मग मापं निघाली. सगळ्यात मोठी पायली बायनाबाईंनी कपाळाला लावली, "लाभ" म्हणाल्या आणि खाली ठेवली. "दोन, अधोली. तीन, शेर. चार, मापटं..." असं करत तळहातात मावणाऱ्या निळव्यापर्यंत आल्या.

मापाड्याच्या घरात मोजताना 'एक' म्हणत नाहीत. पहिलं माप म्हणजे लाभ, म्हणजे रास वाढते. फळांच्या व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्या अबरार सरांना हे कुठून ठाऊक असणार? त्यांना वाटलं, मावशी देवाचं नाव घेतायत. मान खाली घालून ते ऐकू येतील ती नावं लिहीत गेले, आणि पहिलं नाव पडलं अधोलीचं. बायनाबाईंचा चष्मा आत कोनाड्यात होता. तो आणायला कोण उठतंय, म्हणून त्यांनी तशीच सही ठोकली. कागदासाठी हटून बसलेली बाई, आणि वाचून घ्यायचं विसरली!

महिन्यानं मापं परत आणायला त्या एसटीनं गेवराईला गेल्या. टेबलावर त्यांची मापं मांडून ठेवली होती. "लाभ" म्हणून त्यांनी हात पुढं केला तो अधोलीवर पडला. पायली नव्हतीच.

सरांनी कागद काढला, बोटानं ओळी मोजल्या आणि त्यांचा चेहरा पडला. "मावशी, यादीत सहाच हायत."

"पहिली तीच तर सांगितली! लाभ म्हन्ले न मी!"

बाहेर चकलांब्याच्या विजयसिंहांची जीप भरत होती. त्यांनीही प्रदर्शनाला घरची जुनी भांडी दिली होती. तालेवार शेतकरी, माणूस वाईट नव्हे, पण नाकावर राग. त्यांच्या यादीत एवढंच होतं: 'जुनी भांडी, एक पोतं.' पोतं उघडलं तर आत दोन पायल्या.

"आमच्या दोन व्हत्या म्हनतो गडी," विजयसिंह म्हणाले. "कागदावर न्हाई ती वस्तू आमी कावून द्यावी?"

फोटो पाहिला. त्यात दोन्ही पायल्या शेजारी शेजारी होत्या, पण कुणाची कुठली ते फोटो कसं सांगणार? दोन्हींवर तसलाच शिक्का, दोन्हींना पोचे. आणि शिक्क्याच्या मापावर कुणी आपलं नाव कोरत नाही.

बायनाबाईंना रडू फुटायचं बाकी राहिलं होतं. तागडी गेली, आता पायलीही. आप्पांनी विश्वासानं दिलेलं आपण राखलं नाही, हे त्यांच्या जिवाला फार लागलं. मग त्यांची नजर प्रदर्शनासाठी घातलेल्या ज्वारीच्या राशीवर गेली.

"दादा, माझा शेर घ्या न् तुमच्याच हातानं मोजा," त्या विजयसिंहांना म्हणाल्या. "एकीत चार शेर बसतील. दुसरीत न्हाई बसायचे, एक मूठ उरंल. उरली न्हाई, तर दोन्ही घिऊन जा."

अबरार सरांनी डोक्याला हात लावला. पण विजयसिंह उकिडवे बसले. पहिल्या पायलीत चार शेर सपाट बसले. दुसरीत तीन गेले, चौथा ओतता ओतता पायली काठोकाठ भरली. शेरात उरलेली ज्वारी त्यांनी तळहातावर घेऊन मूठ मिटली. बरोबर एक मूठ.

"गाडीवरून पडून तळ आत गेलता," बायनाबाई म्हणाल्या. "शिक्क्याच्या मापाला हातोडा लावायचा न्हाई, हा मामंजींचा नेम. पर मापात पाप नगं. म्हनून दर पायलीवर एक मूठ वरून टाकायचे."

विजयसिंह मिटल्या मुठीकडं बघत राहिले. "मी बगितलंय की ते, ल्हान असताना! आमचे आजोबा म्हनायचे, दिंद्रुडच्या आप्पाचा हात लई मोठा."

"हात मोठा न्हवता दादा. माप ल्हान व्हतं."

विजयसिंहांनी मूठ पायलीवर सोडली आणि भरली पायली बायनाबाईंपुढे सरकवली. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये म्हणतात. ज्वारी कॉलेजची होती, ते वेगळं.

"माफ करा मावशी," अबरार सर म्हणाले. "आमच्या घरी आंबे डझनावर न् पपई किलोवर. लाभ कधी ऐकलाच न्हवता."

"वाचून न घेता सही केली, ती चूक माझी." बायनाबाईंनी भरली पायली जवळ ओढून घेतली. "तुमी कालेजात जुन्या वस्तूंसाठी काचंचं कपाट करताय म्हनं, कायमचं?"

सरांना ते विचारायचंच होतं, पण आज तोंड उघडायची हिंमत नव्हती.

"दोन वर्सं ठिवा. आप्पांची मूठ लोकांना कळू द्या. कागद मातर नवा करायचा." त्यांनी पिशवीतून चष्मा काढून नाकावर चढवला. "फोटो आदी. येकयेका मापाचा, वरून न् तळातून."

विजयसिंहांनी ड्रायव्हरला हाक मारली. "पोतं खाली घे बे! आमची बी यादी करू."

फोटो झाले, तारीख पडली, किल्ली कुणाकडे ते ठरलं. सरांनी पेन उचललं आणि या खेपेला आधी मावशींकडं बघितलं. बायनाबाईंनी पायली कपाळाला लावली आणि खाली ठेवली. सरांनी लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं:

"लाभ. पायली, पितळी. तळाला पोचा. एक मूठ कमी."

बायनाबाईंनी कागद हातात घेतला, ती ओळ स्वतः दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "दोन, अधोली."