झाकण तुमचं, शिव्या मला

मी एक जुना मोबाइल टॉवर आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी रागावलेला आहे. भंगाराच्या आवारात एका चाकं नसलेल्या बसशेजारी आडवा पडलोय. माझ्या अंगावर हा जो लाल रंग दिसतो ना, त्यातला अर्धा गंज आहे आणि अर्धा संताप.

माझा जन्म कारखान्यातला. मला कापलं, भोकं पाडली, वितळलेल्या जस्तात बुचकळून काढलं आणि एका चार मजली इमारतीच्या गच्चीवर उभं केलं. पहिल्या दिवशी काय माझा थाट! सगळी इमारत मला बघायला वर आली. सोसायटीचे सेक्रेटरी, ज्यांना लोक पाठीमागे 'भोंगा' म्हणत, त्यांनी माझ्या पायावर थाप मारली. "आता कसं! जिन्यात उभं राहून 'हॅलो हॅलो' करायची कटकट संपली." ते ऐकून मी इतका फुगलो, की माझा एक नट सैल झाला. तो पुढं कधीच घट्ट बसला नाही.

तुम्हाला वाटतं, फोन कानाला लावला की आवाज आपला आपण चालत जातो. चालत जातो म्हणे! तुमचा फोन आवाजाचे बारीक तुकडे करतो, त्यांचे आकडे बनवतो, कोणी चोरून ऐकू नये म्हणून त्यांना कुलूप घालतो आणि रेडिओलहरींवर बसवून माझ्याकडे भिरकावतो. मी ते झेलून जमिनीखालच्या काचेच्या तारेत ढकलतो. ती तार मुख्य केंद्रात जाते. समोरचा फोन शेवटचा कुठल्या भागात दिसला, एवढं केंद्राला ठाऊक असतं, कारण खिशात झोपलेला फोनसुद्धा अधूनमधून 'मी इथं आहे हं' अशी हजेरी लावत असतो. मग त्या भागातले सगळे टॉवर एकदम हाक मारतात, "अमक्या, आहेस का रे?" फोननं 'ओ' दिली की त्याची घंटी वाजते. नाही दिली, की ती गोड गळ्याची बाई बोलते, "आपण ज्यांना फोन केला आहे ते कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहेत."

ही बाई माझी सात जन्मांची वैरीण. माझ्या खांद्यावर बसणारा एक पोपट तिचं वाक्य शिकला होता. त्याच्या बायकोनं हाक मारली की तो तेच म्हणायचा. शेवटी ती उडून गेली, आणि त्याचाही ठपका माझ्यावरच आला. थाप वाटत असेल तर त्या पोपटालाच विचारा.

इमारतीच्या तळाला एका घड्याळजीचं दुकान होतं. पावसाळी पाण्याचा पाइप तिथून थेट माझ्या पायाशी यायचा, त्यामुळं दुकानातलं बोलणं मला शेजारी बसल्यासारखं ऐकू येई. माणसाचा हात म्हणजे सोनं. घड्याळ उघडलं की त्याचे भाग तो पत्र्याच्या डब्यात ठेवी आणि झाकण गच्च लावी. धुळीचा कण आत गेला तर त्याला झोप येत नसे.

त्याची एकुलती एक लेक लांबच्या गावी इस्पितळात परिचारिका होती. तिनं त्याला फोन आणून दिला आणि म्हणाली, "बाबा, दुकान बंद करा आता. माझ्याकडे चला."

"तुझ्याकडे येऊन काय करू? भिंतीवरचं घड्याळ होऊ?"

"तुमच्याशी बोलणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं! मी नाही आता फोन करणार. तुम्हालाच वाटलं तर करा."

"मी कशाला करू? वाटलं तर तूच कर."

ती पाय आपटत गेली. बापलेक एकाच लोखंडाचे, मी तर म्हणतो माझ्यापेक्षा कडक.

पण लेकच ती. ड्यूटी संपली की रोज संध्याकाळी तिचा फोन येऊ लागला. आणि इकडे बापानं काय केलं असेल? लेकीनं दिलेली मोलाची वस्तू, नाजूक यंत्र, त्याला धूळ लागू नये म्हणून पत्र्याच्या डब्यात ठेवून झाकण गच्च लावलं! वर तो डबा लोखंडी कपाटात! सकाळी चार्जिंगपुरता बाहेर काढायचा, मायेनं पुसायचा, पुन्हा आत. सकाळी लेक कामावर. संध्याकाळी मी बोंबलतोय, "आहेस का रे? आहेस का?" आणि तो फोन पत्र्याआड बहिरा होऊन पडलेला. हाक आत जाईना, 'ओ' बाहेर येईना. घड्याळजी मात्र कपाटाला कान लावून बसलेला, आत्ता वाजेल, मग वाजेल. हुकलेल्या फोनांचे संदेश सकाळी यायचे, पण संदेश म्हणजे जाहिराती अशी त्याची पक्की समजूत. ती कोणी करून दिली, ते कंपन्यांना विचारा!

"माझी आठवणसुद्धा येत नाही तिला," तो पाइपाशी पुटपुटायचा. तिकडे तिला वाटायचं, बाबांनी रागानं फोन बंद ठेवलाय. खरं काय ते फक्त मला माहीत होतं, आणि मला तोंड नव्हतं. मित्रांनो, जगातले सगळे निरोप पोचवायचे आणि स्वतःचा एक शब्द पोचवता येऊ नये! राग येणार नाही तर काय होईल?

त्यात इमारतीचं माझ्यावरून प्रेम उडालं. भोंगा न्हाणीघरात कडी लावून बोलायचा आणि आवाज तुटला की टॉवर नालायक. दुसऱ्या मजल्यावरच्या मावशी कुंडीला पाणी घालायला विसरल्या, रोप वाळलं, तरी म्हणे टॉवरनं खाल्लं. एकदा सगळे गच्चीवर जमले. "टॉवर नको असेल त्यांनी हात वर करा," भोंगा गरजला. पहिला हात कोणाचा? घड्याळजीचा.

"काढा मेल्याला! याच्यामुळं माझ्या लेकीचा फोन येत नाही."

मला उतरवायला कंपनीची माणसं आली, ती संध्याकाळचीच. त्यांच्यातली तंत्रज्ञ बाई माझ्या वीजपेटीपाशी गेली, तेवढ्यात घड्याळजी डबा छातीशी धरून धापा टाकत वर आला. "थांब पोरी, आधी पुरावा बघ. इथं खांबाखालीसुद्धा रेंज नसणार, पैज!"

त्यानं झाकण उघडलं. फोन जागा झाला, त्यानं हजेरी लावली. मी जीव खाऊन हाक मारली आणि घंटी वाजली!

पडद्यावर 'लेक'. घड्याळजीनं उचलायला बोट पुढं केलं. तेवढ्यात वारा सुटला, गच्चीवरची धूळ उठली, आणि जन्मभराच्या सवयीनं त्याच्या हातानं झाकण लावून टाकलं.

घंटी गप.

"काका! काय केलंत हे?"

"धूळ... धूळ उडाली ना." आणि मग त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यानं डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे ती रोज करत होती? आणि मी तिला कोंडून..."

त्यानं झाकण भिरकावून दिलं. फोन पुन्हा वाजेना. जिन्यातून भोंगा ओरडला, "आटपा! बंद करा तो खांब!"

"तू थांब रे भोंग्या!" घड्याळजीनं ते नाव प्रथमच त्याच्या तोंडावर उच्चारलं. "आता मी करतो. मीच."

त्यानं लेकीचा नंबर लावला. मी तो फोन झेलला, तारेत ढकलला, केंद्रानं शोध घेतला, लांबच्या गावच्या टॉवरांनी हाक मारली. ती बसमध्ये होती. बस धावतेय, एक टॉवर तिला दुसऱ्याच्या हवाली करतोय, दुसरा तिसऱ्याच्या, धागा कुठं तुटला नाही.

घड्याळजीनं फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता. "बाबा, आत्ता कट केलात ना? अजून राग गेला नाही?"

"राग नव्हता गं," तो म्हणाला. "झाकण होतं."

तंत्रज्ञ बाई वीजपेटीवरचा हात मागं घेऊन पाण्याच्या टाकीवर बसून राहिली.

पुढं तो माझ्यासाठी भांडला, तर भोंगा म्हणाला, "ठरलंय सगळ्यांचं. पहिला हात तुमचाच होता." झालं, मला उतरवलं.

आता माझ्याकडे बसायला येणारा कावळा बातम्या आणतो. इमारतीत सगळे पुन्हा जिन्यात उभे राहून 'हॅलो हॅलो' करतात, भोंगा सगळ्यांत वरच्या पायरीवर. घड्याळजीचा फोन दुकानाच्या दारात उघड्यावर टांगलेला असतो. धूळ बसते. बसू दे, म्हणतो.

मित्रांनो, राग माझा अजून गेलेला नाही. हाक मारणाऱ्याला शिव्या देण्याआधी आपलं झाकण उघडं आहे का, एवढं तरी बघत जा.

आणि तो पत्र्याचा डबा? त्यात माझा तो सैल नट आहे. उतरवताना घड्याळजीनं मागून घेतला. रोज पुसतो म्हणे, आणि झाकण गच्च लावतो.

लावू दे. नटाला कुठं कोणाचा फोन येणार आहे!