पासावरचा गाल

माझा थोरला साठीला आला, पण विचारून करायची रीत काही त्याला आली नाही. नाव एवढं मोठं, वागणं मात्र आंधळ्या कोशिंबिरीचं.

त्याने जन्मभर काढलेल्या फोटोंचं प्रदर्शन भरलंय, सगळे चेहरेच. सुनेने मला ठेवणीतले कपडे घालून नेलं. दारातच बघते तर मी! पुरुषभर उंच. केस पिंजारलेले, तोंडाचं बोळकं, कारण दात वाटीत. सकाळी खाटेवर उठून बसले होते, तेव्हा खिडकीतून टिपलं होतं पठ्ठ्याने. खाली पाटी, ‘आई’. तेवढी नसती तर निदान दुसरी कुणी म्हातारी म्हणून खपले असते.

“मला विचारलं होतंस?”

“विचारलं असतं तर तू दात लावले असतेस.” तो हसला, भोवतालचेही हसले. “आई, मी चेहऱ्याला हात लावत नाही. असेल तसा दाखवतो. आयुष्यभर हेच केलं.”

आयुष्यभर म्हणे! मी खुर्ची मागून बसले. पाय दुखत नव्हते, जीभ आवरायची होती.

ह्याचा बाप ओतकामाच्या भट्टीवर होता. लग्नाआधीच लोखंडाचा तापला रस उडून डाव्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत काळा डाग पडलेला. घरचे कुरकुरले. मी म्हटलं, ह्याचा डाग निदान बाहेर आहे, दिसतो तरी. बाकीच्यांचे आतले कुणी पाहिलेत?

हा सोळाव्या वर्षी चौकातल्या स्टुडिओत लागला. दोन वर्षं फोटो ज्यात बुडवतात त्या औषधाची तबकं धुतली, बोटं पिवळी झाली, पण कॅमेऱ्याला शिवू देईनात. मालक म्हणायचा, “गिऱ्हाईक डाग घरून घेऊन येतं, इथून न्यायला येत नाही.” मग निगेटिव्हवर सुईसारख्या पेन्सिलीने सुरकुत्या भरायच्या, वांग बुजवायचे. त्यात ज्याचा हात बसेल, तोच पुढे कॅमेऱ्यामागे.

हा ते शिकत होता, त्याच वर्षी बापाच्या कारखान्याने कामगारांना फोटोचे पास केले. काम ह्याच स्टुडिओला. बापाची निगेटिव्ह ह्याच्या हाती पडली. दोन दिवस मान मोडून बसला आणि बापाचा गाल लोण्यासारखा केला. मालकाने पाठ थोपटली, दुसऱ्याच दिवशी ह्याला कॅमेऱ्यामागे उभं केलं. फोटो पासासाठी आहे, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

फाटकावर रखवालदाराने बापाला अडवलं. “हा तू नव्हेस. कुठल्या नवरदेवाचा पास उचललास?” अख्खी पाळी हसली. वीस वर्षं ज्या फाटकातून गेला, त्याच्याबाहेर मुकादम येईपर्यंत तासभर उभा राहिला.

घरी येऊन मला एवढंच म्हणाला, “पोराचा हात चांगला आहे गं.”

दुसऱ्या दिवसापासून गालावरून रुमाल बांधून जाऊ लागला.

पोरगा पुढे गेला. स्वतःचा स्टुडिओ झाला, मोठमोठी माणसं त्याच्यासमोर बसायला ताटकळू लागली. मग गुळगुळीत चेहऱ्यांची चलती सरली, तसा हाही सुरकुत्यांच्या मागे लागला. बाप मात्र प्रत्येक फोटोत डावा गाल भिंतीकडे करून बसला. ह्याच्या लग्नात तसाच, नातवाला मांडीवर घेऊनही तसाच. जगाला “जरा इकडे बघा” म्हणणाऱ्याने त्याला एकदाही म्हटलं नाही. तो गेला तेव्हा समोरून काढलेला फोटो एकच निघाला, पासाचा; तोच भिंतीवर लागला. पंधरा वर्षं झाली, एका परक्या पुरुषासमोर बसून जेवतेय मी.

“मला उतरव,” मी म्हटलं.

“आई, लोक रडतात गं त्याच्यापुढे.”

“रडेनात का! त्यांची आई आहे का ती? आणि तुझा बाप कुठाय ह्यांच्यात?”

तो कॅमेऱ्याच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला. “बाबांचा... तसा चांगला कधी निघालाच नाही.”

उठले. सून हात धरायला आली, तिला बाजूला सारलं. सगळ्यांना ऐकू जाईल असंच बोलले.

“निघाला नाही नव्हे, तू काढला नाहीस. त्याचा गाल पुसून पहिली पायरी चढलास, आता माझं बोळकं टांगून शेवटची चढतोयस. त्याला विचारलं नाहीस, मलाही नाही. फोटोवाला असशील मोठा, मी नाही म्हणत नाही. मुलगा म्हणून अजून तबकंच धुतोयस तू.”