जुळ्यातली कालवड

काकासाहेबांच्या गोठ्यात जर्सी जन्मली तेव्हा भोकरदनच्या आसपास अशी दुसरी कालवड नव्हती. हे ज्याला ठाऊक नव्हतं असा एकही माणूस काकासाहेबांनी शिल्लक ठेवला नाही. सरकारी दवाखान्यात गावरान गाईला सुईनं जर्सीचं बीज भरलं होतं आणि गाईनं जुळं दिलं, एक गोऱ्हा, एक कालवड. गोऱ्ह्याला वशिंड नव्हतं. वशिंडच नाही तर जू टेकवायचं कशावर, म्हणून दूध तुटताच तो बाजारात गेला. कालवड राहिली. तिचं नाव पडलं मड्डम.

मड्डमची उस्तवार घरच्या सुनेकडे, उषाबाईकडे आली. सकाळी भिजवलेली सरकी, दुपारी मक्याचा भरडा, संध्याकाळी सरकीची ढेप आणि वर गुळाचा खडा. काकासाहेब रेडिओवरचा शेतकऱ्यांचा कार्यक्रम ऐकून ऐकून अर्धे डॉक्टर झाले होते. "बीज आन् खुराक," पारावर बसून ते सांगत, "ह्या दोन गोष्टी बराबर असल्या की जनावर वाढलंच पाह्यजे. खाल्लेला घास अंगाला लागतो का न्हाई, ते खानदानावर असतं." खानदान हा शब्द आला की त्यांचा हात आपसूक मिशीकडे जाई.

मड्डमनं धन्याचा शब्द राखला. खाल्लेला घास न् घास तिच्या अंगी लागला. मान जाड झाली, पाठ पाटासारखी रुंद झाली, आणि बघायला येणाऱ्यांच्या चहापायी घरातली साखर महिना भरेना. एक गोष्ट तेवढी होत नव्हती. बरोबरीच्या गावरान कालवडी माजावर येऊन गाभण राहिल्या. मड्डम खायची, रवंथ करायची आणि झोपायची. गोजरबाईंनी, म्हणजे उषाबाईच्या सासूनं, तिच्यावरून मीठमिरच्या उतरवल्या. तरी ती ढिम्म.

उषाबाईला या बाबतीत कुणी काही विचारलं नाही. तिची स्वतःची बाब चालूच होती. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. अंगारे झाले, सोळा सोमवार झाले. एकदा एका बाबानं कडुनिंबाच्या फांदीनं मारलंही. डॉक्टर मात्र झाला नाही, कारण डॉक्टरला खर्च लागतो. डॉक्टर आला तो मड्डमसाठी.

साळवे डॉक्टर भोकरदनच्या जनावरांच्या दवाखान्यात होते. त्यांनी कोपरापर्यंत हात घालून मड्डमला तपासलं आणि विचारलं, "ही जुळ्यातली का? जोडीला गोऱ्हा होता?"

"होता ना. इकला त्याला."

"हिच्याऐवजी तो ठेवायला हवा होता," डॉक्टर म्हणाले. "गाईच्या पोटात जुळ्यांच्या रक्तवाहिन्या एकमेकांत मिसळतात. गोऱ्ह्याच्या अंगातले रस, त्यांना हार्मोन म्हणतात, ते आधी तयार होतात आणि बहिणीच्या रक्तात उतरतात. मग तिची गर्भपिशवी धड वाढतच नाही. अशी कालवड बहुतेक वांझच निघते. खुराक कितीही घाला, मांस चढेल. वासरू होणार नाही."

काकासाहेब दोन दिवस पारावर फिरकले नाहीत. पण गोजरबाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. उषाबाई जुळ्यातली होती. तिच्या पाठोपाठ घटकाभरानं तिचा भाऊ संपत जन्माला आला होता.

"आता कळलं!" त्या ओसरीवर मोठ्यानं म्हणाल्या. "अंगारे करून करून मी थकले, आन् रोग पोटातलाच! तिच्या भावाला दोन पोरं, हिला एक न्हाई. जर्सीचं बराबर तसंच हाये."

आजवर सरकारी माणसाच्या एका शब्दावर ज्या घराचा विश्वास नव्हता, त्या घरानं जनावरांच्या डॉक्टरचं वाक्य देवाच्या कौलासारखं उचललं. कुणी उलटून विचारलंही नाही की बाबा, हे गाईचं माणसाला लागू पडतं का. कशाला विचारतील? उत्तर सोयीचं असलं की पुढचा प्रश्न माणसाला सुचत नाही. दुसऱ्या दिवसापासून उषाबाईच्या ताटातलं दूध बंद झालं. वांझ जनावरावर खुराक वाया घालवू नये, असं गोजरबाईंचं म्हणणं पडलं. हे त्या मड्डमबद्दल बोलत नव्हत्या. मड्डमची सरकी चालूच होती आणि ती भिजवतही उषाबाईच होती.

दुसऱ्या लग्नासाठी अंबडकडची मुलगी बघितली गेली. रंग, उंची, घराणं, सगळं मागे पडलं. काकासाहेबांनी मुलीच्या बापाला पहिला प्रश्न केला, "पोरगी एकटीच जन्मली ना?" बापाला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पण एकटी जन्मण्याबद्दल पोरीचं कौतुक होतंय म्हटल्यावर तोही खूश झाला.

रामकिसन, उषाबाईचा नवरा, या सगळ्यात गप्प होता. तो वाईट नव्हता. वाईट असायलाही थोडी हिंमत लागते. रात्री तो आढ्याकडे बघत म्हणाला, "आई म्हणते ते ऐकावं लागंल." उषाबाईला त्या क्षणी त्याचा इतका राग आला की रडूही आलं नाही.

"संपतला निरोप धाड, तुला घेऊन जाईल," गोजरबाईंनी फर्मावलं. उषाबाईनं निरोप धाडला, पण दिवस तिनं निवडला. शनिवारी साळवे डॉक्टर येणार होते. काकासाहेबांनी आशा सोडली नव्हती. औरंगाबादेत म्हणे परदेशी सुई मिळते.

शनिवारी संपतची बैलगाडी दारात उभी राहिली आणि डॉक्टरांची सायकलही. डॉक्टरांनी पुन्हा तपासून मान हलवली. "सुईनं जे मुळात नाही ते कसं येणार, काकासाहेब?"

काकासाहेबांनी मड्डमच्या पाठीवरून हात फिरवला. डोळे भरून आले त्यांचे. "राहू द्या मंग. दावणीला राहील जन्मभर. मुक्या जिवाचा काय दोष? तिनं का मागून घेतलं?"

दारामागून आवाज आला. "डॉक्टरसाहेब, एक इचारू?"

सासऱ्यासमोर आणि परक्या पुरुषासमोर उषाबाई पहिल्यांदाच अशी बोलली. डोक्यावरचा पदर सारखा करत ती पुढे आली. "मी बी जुळ्यातली हाये. ह्यो माझा भाऊ. माझी बी पिशवी मड्डमसारखीच आसंल का? त्यावरूनच मला धाडून राह्यलेत."

डॉक्टर आधी गोंधळले, मग संतापले. "कोण म्हणालं? माणसात असं होत नाही. जुळ्यातल्या बायकांना मुलं होतात, खुशाल होतात. मी गाईचं सांगितलं होतं!" पुढे म्हणाले, "आणि गाईचंच धरायचं तर तेही पूर्ण धरा. गाय गाभण राहत नसेल तर आम्ही एकट्या गाईला नाही तपासत. वळूसुद्धा तपासतो."

ओसरीवर बसलेल्या रामकिसननं मान खाली घातली.

"डॉक्टर," काकासाहेब घसा खाकरून म्हणाले, "तुमचं ज्ञान जनावरापुरतं ठीक. माणसातलं तुम्हाला काय कळतं?"

"परवापर्यंत समदं कळत होतं की, मामा," उषाबाई म्हणाली.

गोजरबाईंनी हंबरडा फोडला. "माझ्या पोराला जनावरागत तपासायचं? माणूस हाये का जनावर त्यो?"

उषाबाई थांबली नाही. "आत्याबाई, मला कालवडीच्या हिशेबात धरलं तवा मी बी माणूसच होते. मड्डमचा दोष न्हाई, ती मुकी हाये. मला तोंड हाये, म्हणून माझा दोष." मग ती नवऱ्याकडे वळली. "आपण दोघं जालन्याच्या दवाखान्यात तपासून घेऊ. मी उद्या सकाळी संपतसंगं फाट्यावर येते. तुम्ही या. न्हाई आले तर मी एकली जाते, आन् माझा कागद आणून पारावर वाचून दाखवते. मंग ठरवू, कुणी कुणाला नांदवायचं."

ती कुणाच्या पाया पडायला थांबली नाही. गाडीत चढून भावाच्या शेजारी बसली.

दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू होताच रामकिसन घरातून निघाला. वाटेत ज्यानं विचारलं त्याला तो सांगत होता, जालन्याला ढेप आणायला चाललोय. ढेप आणायची तर पोतं लागतं, तेवढं मात्र त्याच्याजवळ नव्हतं. फाट्यावर उषाबाई उभी होती. एस.टी. आली तेव्हा आधी ती चढली आणि तो तिच्या मागून.