लढाईचा सिनेमा आणि किरणचा चुडा

पिंप्राळ्यातली भिकुबाई कुणाच्या बापाला भीक घालणारी बाई नव्हे. पण पोटच्या पोरापुढे भल्याभल्यांचं चालत नाही. तिचा स्वप्नील लढाईचा सिनेमा बघून आला आणि फर्मान काढलं, "किरणच्या लग्नाचा चुडा अमिनाबीकडून भरायचा नाही. ते लोक घरात नकोत."

आता अमिनाबी ही गल्लीतली जुनी बांगडीवाली. किरणच्या बारशाच्या मनगट्यासुद्धा तिच्याच टोपलीतल्या. किरण हटून बसली, "मावशी नाही आली तर मी हातच पुढे करणार नाही." लग्न तोंडावर, आणि बहीणभावाचा अबोला.

"आहे तरी काय एवढं त्या सिनेमात?" म्हणत भिकुबाई एकटीच दुपारचा खेळ बघायला गेली.

सिनेमा होता मात्र फक्कड. जवानाची आई दारात वाट बघते तिथं भिकुबाईने पदर भिजवला. दुश्मन सगळे एका साच्यातले, सुरमा आणि दाढीवाले. त्यातला एक हसत हसत पोरांवर गोळ्या झाडायला लागला तेव्हा ही मोठ्यांदा म्हणाली, "मुडदा बशिवला तुझा." शेवटी टाळ्या पिटून तळहात लाल झाले.

बाहेर आली ती तापलेलीच. एक दाढीवाला रिक्षावाला पुढे झाला, "चला, बसा." भिकुबाईने पिशवी छातीशी धरली आणि मागे सरली. "नको. तुझ्या रिक्षात नाही यायचं मला."

"मावशी, मी फारुख. अमिनाबीचा."

भिकुबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या पोराला तिने कडेवर घेऊन मिरवलं होतं. ती रिक्षात बसली.

"तू इथं कसा रे?" तिने विचारलं.

"सिनेमाला आलो होतो. भारी आहे. मीपण टाळ्या वाजवल्या," फारुख म्हणाला. "फक्त दिवे लागायच्या आधी निघालो. माणसं तापलेली असतात ना."

घरी आल्या आल्या तिने स्वप्नीलला समोर बसवलं. "सिनेमा चांगला शे. मी रडले, टाळ्या वाजवल्या. आणि बाहेर येऊन आपल्या फारुखला भ्याले. केस पांढरे झालेल्या बाईची ही गत, तर तुला काय बोलू? लाज वाटते रे मला. जा, अमिनाबीला घेऊन ये. तू स्वतः जा."

"माय, लोक काय म्हणतील?"

"लोक काय चुडा भरायला येणार आहेत?"

स्वप्नील गेला. स्कूटरवर अमिनाबीला घेऊन आला. तिने किरणचा हात चेपून चेपून मऊ केला आणि हिरवा चुडा चढवला, एक बांगडी पिचकली नाही. किरणचं हसू गालात मावेना.

"चुडा तर मी केव्हाचा निवडून ठेवला होता, भिकुबाई," अमिनाबी म्हणाली. "बोलावणं येईल का नाही, तेवढंच कळत नव्हतं."

स्वप्नीलने ते ऐकलं. चुडा भरल्यावर नवरीच्या भावाने बांगडीवालीला सुपातून शिधा द्यायचा आणि पाया पडायचं, ही त्या घरची रीत. त्याने सूप पुढे ठेवलं, वाकला, आणि अमिनाबीने दोनदा "ऊठ बेटा" म्हटलं तरी त्याला लवकर उठवेना.