सतरा ते एकोणीस

हार्लिंगेनच्या धक्क्याबाहेर बर्फाने एक जहाज चिरडल्याची बातमी फ्रानेकरला मंगळवारी सकाळी पोचली. माणसं सगळी वाचली होती. चाळीस पिंपं लोणी आणि एक पेटी बुडाली. पेटी प्रोफेसर फोके हायत्स्मांची होती.

ख्रिस्ती शास्त्रात एका माणसाची कथा आहे. त्याची गुरंढोरं, घर आणि दहा मुलं एकाच दिवशी गेली, अंगावर फोड आले आणि तो राखेत बसून देवाशी भांडला. त्या कथेवर फोकेंनी चौदा वर्षं भाष्य केलं होतं. बेचाळीस अध्याय. सगळे त्या पेटीतून छापायला निघाले होते आणि दुसरी प्रत नव्हती. फोके बोलायचे, त्यांची बायको यित्स्के लिहून घ्यायची, आणि तिची सुबक प्रत झाली की कच्चे कागद चूल पेटवायला जायचे. यित्स्के नोव्हेंबरात गेली. आता तिचं अक्षर घरात फक्त पिठाच्या डब्यावर राहिलं होतं.

तिची धाकटी बहीण राइनौ अंडी विकायला आली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि टोपली खाली ठेवली.

"रडायचं असेल तर रडून घ्या, दाजी. पण आधी मला एक सांगा. हेच सगळं तुम्ही पुढच्या खोलीत पोरांना शिकवलंत ना?"

शिकवलं होतं. फ्रानेकरचे प्रोफेसर असंच शिकवायचे. घरच्या बैठकीत पोरांना बसवायचं, सावकाश सांगत जायचं आणि पोरांनी शब्दन् शब्द उतरवायचा. छापील पुस्तक घेण्याची कोणाची ऐपत नसायची. ती पोरं आता फ्रीसलंडच्या गावोगावी पाद्री झाली होती.

"वह्या टाकल्या असतील कोणी," फोके म्हणाले.

"टाकतील कशाला? त्यांची रविवारची प्रवचनं त्या वह्यांवर तर चालतात."

अ‍ॅमस्टरडॅमच्या छापखानेवाल्याने फेब्रुवारीअखेरची मुदत दिली होती. ती टळली तर दुसऱ्याचा ग्रंथ यंत्रावर चढणार आणि फोकेंची पाळी दोन वर्षांनी येणार. फोके त्रेसष्ट वर्षांचे होते आणि जिना चढताना त्यांना दोनदा थांबावं लागायचं. दोन वर्षांचा भरवसा त्यांना नव्हता. कालवे गोठले होते, होड्या बंद होत्या. म्हणजे वाट एकच, बर्फावरून घसरत जायची.

बुधवारी उजाडताच दोघं पायाला लोखंडी पाती बांधून कालव्यावर उतरले. पुढे राइनौ आणि तिच्या मागे दोरीला बांधलेली अंड्यांची घसरगाडी. फोके आठ वर्षांनी बर्फावर आले होते. पहिल्या पुलापर्यंत त्यांचे पाय लटपटत होते, दुसऱ्यापाशी बरे चालायला लागले, आणि तिसरा कधी मागे पडला ते त्यांना कळलंच नाही. वारा कानात शिट्ट्या घालत होता, काठावरची गावं मागे पळत होती आणि जिन्यावर धापा टाकणारी छाती आज मुकाट काम करत होती.

"दाजी, देवाने तुम्हाला प्रोफेसर करून बर्फावरून दूध पोचवणारा एक चांगला दूधवाला वाया घालवला," राइनौ पुढून ओरडली.

पहिली वही हायेची. तो बोल्सवर्डजवळच्या एका खेड्यात होता, आता चांगलाच गोल झाला होता. त्याने वाटाण्याच्या दाट सुपाचे वाडगे पुढे ठेवले, वही मात्र लवकर काढेना. शेवटी राइनौनेच फडताळातून ओढून घेतली. पानोपानी समासात बगळा काढला होता, फोकेंसारखाच चष्मा लावलेला. फोकेंनी पाच बगळे पाहिले आणि कुठलं चित्र जास्त जमलंय तेवढं सांगितलं. हायेचे कान लाल झाले.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सात वह्या झाल्या. वर्कुमच्या खाणावळीत फोकेंनी त्या टेबलावर मांडल्या. हा ताप आल्याने गैरहजर, तो जत्रेला गेलेला, पण एकाचं राहिलेलं दुसऱ्याकडे सापडत होतं. एक ते सोळा जुळलं. वीस ते एकेचाळीस जुळलं. सतरा, अठरा आणि एकोणीस मात्र सातांपैकी एकातही नव्हते. हायेच्या वहीत त्या जागी जानेवारीतल्या आठ दिवसांच्या नुसत्या तारखा होत्या आणि पुढे तीन शब्द: बर्फ छान आहे.

फोकेंनी ते तीन शब्द पुन्हा वाचले. मग हसायला लागले. नोव्हेंबरापासून ते पहिल्यांदाच हसत होते, आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून ठेवला. त्या आठवड्यात सगळा वर्ग बर्फावर पळाला होता. बैठकीत एकटाच बसला होता, डौवे. त्याचा एक पाय अधू होता.

डौवे आता स्टाव्हेरेनला होता. तासा-दोन तासांची वाट. पण शनिवारी सकाळी उबदार वारा नैऋत्येकडून येत होता आणि खाणावळीच्या छपरातून पाणी ठिबकत होतं. खाणावळवाल्याने हात जोडून सांगितलं, आज बर्फावर जाऊ नका. राइनौने दाजींकडे पाहिलं. दाजी पाती बांधत होते.

बर्फावर बोटभर पाणी साचलं होतं. खालून कण्हल्यासारखा आवाज यायचा आणि लांबवर जायचा. दोघं अंतर ठेवून, न थांबता निघाले, कारण थांबलं की बर्फ वाकायचा. स्टाव्हेरेनचा मनोरा दिसला तेव्हा फोकेंचा उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला. राइनौ पोटावर आडवी झाली, दोरी फेकली आणि ओढताना जेवढ्या शिव्या येत होत्या तेवढ्या दिल्या. वह्या कोरड्या होत्या. फोकेंनी आधी तेच विचारलं.

डौवेच्या घरी त्यांना चुलीपाशी बसवलं. डौवेने वही आणली. फोके ओल्या पायानेच वाचायला लागले. सतरा होता. अठरा होता. एकोणिसाव्यात ते थांबले.

त्या अध्यायात तो दुखणाईत माणूस तक्रार करतो की माझ्या श्वासाची माझ्या बायकोलाही किळस येते. फोकेंनी त्यावर बायकोच्या निष्ठुरपणाबद्दल बरंच सांगितलं होतं. आणि खाली डौवेच्या बारीक अक्षरात होतं: "बाई दारातून म्हणाल्या, श्वासाचा वास यायला माणसाला जवळ बसावं लागतं. म्हणजे ती उठून गेली नव्हती."

"तुम्ही दोघं बोलत होतात, गुरुजी," डौवे चाचरत म्हणाला. "कुठे थांबायचं ते मला कळलं नाही. मी सगळंच लिहिलं."

फोकेंना आता सगळं आठवलं. पक्क्या प्रतीत हे वाक्य होतं. त्यांनीच ते यित्स्केला सांगितलं होतं, आपलं म्हणून, आणि तिने एक शब्द न बोलता लिहून घेतलं होतं. ऑक्टोबरात यित्स्केच्या श्वासाला वास यायला लागला होता. फोके रोज तिच्या उशाशी बसत होते.

"हे असंच ठेव," ते डौवेला म्हणाले. "बाई म्हणाल्या, असंच."

तिघांनी मिळून अठरा दिवसांत एकेचाळीस अध्याय उतरवून काढले. समुद्र मोकळा झाल्यावर पहिल्या जहाजाने राइनौ ते बाड स्वतः मांडीवर घेऊन अ‍ॅमस्टरडॅमला गेली. मुदतीला पाच दिवस बाकी होते.

बेचाळिसावा वर्गात कधी झालाच नव्हता. तो फोकेंनी शेवटच्या महिन्यात यित्स्केला सांगितला होता आणि तिने पलंगावर टेकून बसून लिहिला होता. त्यात त्या माणसाला सगळं परत मिळतं, गुरंढोरं, घर, नवी दहा मुलं. बायकोचं तिथे नाव निघत नाही. त्यावर यित्स्के काय म्हणाली होती ते फोकेंना आठवत नाही. छापखानेवाल्याने आठ पानं कोरी ठेवली आहेत, मार्चअखेरपर्यंत.

बेचाळिसावा अध्याय अजून लिहायचा आहे.